एक बटण, मग स्पेसबार

आमच्या ऑफिसात माउसला हात लावला की मागून खोकला ऐकू यायचा. आजारातला खोकला नव्हे, सूचना देणारा. वळून बघायची गरजच नसायची. हेडक्लार्क भाऊ पाठीमागे उभे असणार आणि आता विचारणार, "बाई, हात कुठे निघाला?"

मी नवी होते तेव्हा खरं उत्तर दिलं होतं. म्हटलं, "सेव्ह करायला."

"त्यासाठी एवढा प्रवास? कंट्रोल आणि एस. डाव्या हाताची दोन बोटं. हात उचलला की डोक्यातलं वाक्य सांडतं."

दुसऱ्या दिवशी माझा माउस टेबलावर नव्हता. ड्रॉवरमध्ये होता, वायर गुंडाळून रबरबँड लावलेला. मला माणसं अशीही पटकन आवडत नाहीत. हा माणूस तर पहिल्याच आठवड्यात माझ्या डोक्यात गेला.

पनवेलला उरण नाक्याच्या अलीकडे एका शिक्षणसंस्थेचं ते कार्यालय. तालुक्यातल्या बऱ्याच शाळा आमच्याकडे, त्यामुळे दिवसभर पत्रंच पत्रं. कुठल्या शाळेला छप्पर नाही, कुठे गणिताला शिक्षक नाही, ते सगळं आम्ही 'उपरोक्त विषयास अनुसरून' वरच्या ऑफिसला कळवायचं आणि वरच्या ऑफिसनं ते 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' परत आमच्याकडे पाठवायचं. हा उद्योग कॉम्प्युटरवर आला तेव्हा बाकीच्यांनी कपाळाला हात लावला. भाऊंना मात्र सूर सापडला. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, पण त्या यंत्रात कुठे काय दडलंय ते शोधायचा नादच लागला त्यांना.

कुठल्यातरी शाळेतून बाद झालेला एक फळा त्यांनी पॅसेजमध्ये टांगून घेतला होता. दर सोमवारी त्यावर खडूनं एक युक्ती. 'एफ-फोर दाबा, मघाशी केलेलं काम पुन्हा होईल.' 'कंट्रोल आणि अर्धविराम, आजची तारीख येईल.' खाली रेघ मारून, 'वापरून पाहणे.' आम्ही पाठीमागे त्यांना कंट्रोलकाका म्हणायचो, आणि ते त्यांना माहीत होतं. कामासाठी आलेल्या माणसालाही सुटका नसायची. एकदा एका गावचे सरपंच शाळेच्या भिंतीची तक्रार घेऊन आले होते. भिंत राहिली बाजूला, भाऊंनी त्यांना एक्सेलमध्ये वरची ओळ गोठवून कशी ठेवायची ते शिकवलं. बिचारे सरपंच मान डोलवत राहिले. त्यांच्या घरी कॉम्प्युटर सोडा, त्या दिवसांत धड वीज नसायची.

समोरच्या झेरॉक्सवाल्या हनीफभाईंना तर त्यांनी शागीर्दच केलं होतं. हनीफभाईंच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिकांवर सगळी नावं-पत्ते भाऊंनी मेलमर्जनं, म्हणजे यादीवरून आपोआप, छापून दिले. तेव्हापासून हनीफभाई सगळ्यांना सांगायचे, "भाऊ म्हणजे या लाइनचे उस्ताद आहेत." भाऊ त्यावर हसायचेही नाहीत. हसणं त्यांना जमायचंच नाही फारसं. शर्टाचं वरचं बटण लावलेलं, भाषा पत्रातली. साधं पाणी मागताना म्हणायचे, "जरा पाणी मिळण्याची व्यवस्था होईल का?"

पण त्यांचा खरा जीव होता ऑटोकरेक्टवर. आमच्या त्या जुन्या मराठी फॉन्टात ऑटोकरेक्ट म्हणजे डोक्याला ताप. वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप बदलून भलतंच उमटायचं. सगळी ऑफिसं ते बंद करून मोकळी व्हायची. भाऊंनी उलट ते कामाला जुंपलं. 'मउ' टाइप करून स्पेसबार दाबला की 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की' हे सगळं एका दमात यायचं. 'तरी' लिहिलं की 'तरी या प्रकरणी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.' रजेला एक, स्मरणपत्राला एक, आभाराला एक.

"माणसाला जन्मभर पन्नासएक वाक्यं पुरतात," ते म्हणायचे. "बाकी सगळी तीच, फिरवून फिरवून. मग ती एकदाच नीट करून ठेवावीत की नाही?"

माझे वडील गेले तेव्हा ऑफिसचं पत्र घरी आलं. 'आपल्यावर कोसळलेल्या दुःखात आम्ही सर्व सहभागी आहोत. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो.' मी ते वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. कारण ते वाक्य मला ठाऊक होतं. 'दु' आणि स्पेसबार. माझा बाप गेला आणि यांनी तो दोन बटणांत उरकला. कामावर परत गेले त्या दिवशी सरळ त्यांच्या टेबलापाशी जाऊन हे बोललेसुद्धा.

भाऊंनी चष्मा काढून ठेवला. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "पण बाई, माझी आई गेली तेव्हा इथून मला पत्रच आलं नाही. सगळे म्हणाले, काय लिहावं सुचेना. म्हणून मग मी ते वाक्य बसून तयार केलं. चार दिवस लागले होते त्याला. आता कुणाचं पत्र राहत नाही."

माझा राग काही लगेच गेला नाही.

त्यांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. त्या मात्र मला पहिल्या भेटीतच आवडल्या. आपट्याजवळच्या गावातल्या, नदीकाठच्या. अंगानं मजबूत, आवाज असा की जिन्यात बोलल्या तर वर फाइली चाळणारा माणूस थांबायचा. भाऊ डबा विसरले की त्या स्वतः घेऊन यायच्या आणि दारातूनच सुरू.

"अवो, डबा इसरलाव परत. त्या मशिनीला दिसभर खाऊ घालताव, तुमी कवा जेवाल?"

भाऊ खालच्या आवाजात म्हणायचे, "हो. जेवतो. तू नीघ आता." डबा घ्यायचे, पण मान वर करायचे नाहीत. वहिनींना त्याचं काही नसायचं. माझ्या टेबलाशी टेकायच्या, सुकट कशी भाजायची ते सांगायच्या, आणि जाताना परत नवऱ्याला, "नाय जेवलाव तर संध्याकाली बघते तुमाला."

त्याच वहिनींची आधी जीभ जड झाली. शब्द अडकायला लागले. आम्हाला वाटलं, दातांचं काहीतरी असेल. मग गिळताना ठसका. पनवेलचे डॉक्टर झाले, मुंबईचे झाले. मोठ्या हॉस्पिटलातून परत आले त्या दिवशी भाऊ नेहमीसारखे माझ्या मागे येऊन उभे राहिले. मी मुद्दाम माउस धरला होता. ते खोकले नाहीत.

"नसांचा आजार आहे," ते म्हणाले. "औषध नाही. आधी बोलणं जाणार, मग हात, मग पाय. डोकं मात्र शेवटपर्यंत जागेवर राहणार म्हणे. सगळं कळणार तिला." थोडा वेळ माझ्या स्क्रीनकडे बघत राहिले. "मग बाई, तिला काय हवंय ते आपल्याला कळणार कसं?"

त्या सोमवारी फळ्यावर युक्ती लिहिली नाही. आधीच्या आठवड्याचीच तशीच राहिली.

नंतर आम्हाला कळलं की ते घरी काय करत होते. एक जुना लॅपटॉप आणला होता. हनीफभाईंनी मोठ्या मराठी अक्षरांचे स्टिकर कापून, लॅमिनेट करून दिले, ते बटणांवर चिकटवले. एव्हाना वहिनींचा आवाज पूर्ण गेला होता आणि उजवा हात मांडीवर पडून असायचा. डाव्या हाताचं एक बोट चालत होतं. भाऊंनी ऑटोकरेक्टमध्ये एकेका अक्षराला एकेक वाक्य दिलं होतं. बोटानं एक बटण दाबायचं, मग स्पेसबार. स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत अख्खं वाक्य. ऑफिसात हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. इतक्या वर्षांत फळ्यावर लिहिलेल्या सगळ्या युक्त्या या एका कामासाठीच होत्या असं त्यांना वाटत असावं.

पण वहिनी बटण दाबेनात.

भाऊंनी वर्ड काढून पुन्हा टाकलं. स्पेसबार घट्ट आहे म्हणून कीबोर्ड बदलला. अक्षरं दिसत नसतील म्हणून हनीफभाईंकडून आणखी मोठे स्टिकर आणले. शेवटी एका रविवारी फोन करून मला म्हणाले, "बाई, जरा घरी येऊन बघाल? कुठेतरी दोष आहे, मला सापडत नाही."

वडाळे तलावाच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांचं त्यांचं घर. वहिनी खिडकीशी खुर्चीत, मानेमागे उशी. मला बघून त्यांचे डोळे हसले. बाकी ती मजबूत बाई कुठे गेली होती कुणास ठाऊक. भाऊंनी लॅपटॉप त्यांच्यासमोर टेबलावर सरकवला आणि आमच्या दोघींसमोर प्रात्यक्षिक सुरू केलं.

'प' आणि स्पेसबार. 'मला पिण्यासाठी पाणी मिळावे, ही विनंती.'

'ख' आणि स्पेसबार. 'कृपया खिडकी बंद करण्यात यावी.'

'त' आणि स्पेसबार. 'मला त्रास होत आहे. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.'

मी हसायला लागले. आवरेचना. वहिनींकडे बघितलं तर त्यांचेही खांदे हलत होते, आवाज न करता. आणि मग त्या हसण्याचं रडणं कधी झालं ते कळलंच नाही. त्या आजारात म्हणे असं होतं. भाऊ रुमाल घेऊन त्यांचं तोंड पुसत राहिले.

"भाऊ," मी म्हटलं, "या मशिनीत काही दोष नाही. वहिनी जन्मात कधी असं बोलल्या होत्या का?"

"म्हणजे?"

"हे तुमचं बोलणं आहे. ऑफिसचं. त्यांनी हे बटण दाबायचं म्हणजे तुमच्या तोंडून बोलायचं."

भाऊंनी हातातल्या रुमालाची घडी घातली. मग म्हणाले, "आता हे सगळे वाचणार. डॉक्टर वाचणार, नर्स वाचणार. तिला कुणी हसायला नको." आणि मग एकदम, खाली बघत, "मीही आपट्याकडचाच आहे, बाई. नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी फोनवर 'साहेब नाय' म्हणालो. तेव्हाचे साहेब बाहेर आले आणि सगळ्यांसमोर माझी नक्कल केली. महिनाभर लोक मला बघून 'नाय' म्हणायचे. त्यानंतर तो शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. तिला मी कायम सांगायचो, ऑफिसात जरा हळू बोल. ती कशाला ऐकतेय."

वहिनी त्यांच्याकडे बघत होत्या. नजरेत राग नव्हता. मला तरी दिसला नाही.

पुढच्याच रविवारी वहिनींच्या धाकट्या बहिणीला आपट्याहून बोलावलं. ती बाई आली ती पिशवीत मासळी घेऊन, आणि स्क्रीनवरची वाक्यं वाचून तिनं कपाळावर हात मारला.

"दाजी, माजी ताय हाय ही का तहसीलदार? पुसा ते सगला."

मग ती सांगायला लागली आणि भाऊ टाइप करायला लागले. ती एकेक वाक्य म्हणायची आणि बहिणीकडे बघायची. वहिनींनी बोट उचललं की पास. नाही उचललं की नापास. 'जरा पानी द्या' पास झालं. 'खिरकी लावा, वारा लागतं' पास झालं. एका वाक्यात भाऊंनी नकळत 'कृपया' घातलं, तर वहिनींचं बोट काही हलेना. ते काढल्यावर हललं. मी नुसती बसून बघत होते. इतक्या वर्षांत भाऊंना दुसऱ्यानं सांगितलेलं निमूट टाइप करताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

शेवटी बहीण म्हणाली, "ताय, दाजींना काय सांगाचा हाय का?"

बोट लगेच वर झालं. बहिणीनं चारपाच वाक्यं म्हणून पाहिली. येलेवर जेवत जा. जास्ती जागू नका. बोट जागचं हललं नाही. मग ती थांबली, बहिणीच्या डोळ्यांकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "कनाला रडताव? उठा, जेवून घ्या."

बोट वर झालं.

कनाला म्हणजे कशाला, एवढं मलाही समजलं. भाऊ म्हणाले, "मी कधी रडतो?" त्यांनी ते वाक्य 'क'वर टाकलं, दोनदा तपासलं आणि सेव्ह केलं. कंट्रोल आणि एस.

वहिनींनी पहिलं बटण दाबलं ते मात्र पाण्याचं नव्हतं. भाऊ बाजूला उभं राहून स्क्रीनचा प्रकाश, फॉन्टचा आकार, असलं काहीतरी समजावत होते. वहिनींचं बोट सरकत सरकत 'ग'वर गेलं. दाबलं. मग स्पेसबारकडे यायला त्याला फार वेळ लागला. स्क्रीनवर आलं, 'गप बसा जरा.'

दुसऱ्या दिवशी भाऊंनी हे ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. हनीफभाईंना रस्ता ओलांडून जाऊन सांगितलं. "मला गप बसा म्हणाली," असं सांगताना डोळे पाण्यानं भरले होते आणि माणूस चक्क हसत होता.

ते काही फार दिवस टिकलं नाही. बोटातला जोर कमी होत गेला. आधी स्पेसबार जड झाला, तो भाऊ दाबायचे. मग बोट बटणापर्यंत पोचेना, तर भाऊ त्यांच्या मनगटाखाली हात धरून ते फिरवायचे आणि कुठे थांबायचं ते त्यांच्या डोळ्यांवरून ओळखायचे. पाण्याचं बटण, खिडकीचं बटण, कूस बदलायचं बटण. गप बसा तर रोजचंच. 'क' मात्र वहिनींनी कधीच दाबलं नाही. ऑफिसात भाऊ तसेच यायचे, वरचं बटण लावून. फळ्यावर पुन्हा काही लिहिलं नाही. ऑफिसातल्या पोरांनी तिथे चहाचा हिशेब लिहायला सुरुवात केली.

दिवाळीच्या थोडं आधी वहिनी गेल्या.

ऑफिसचं पत्र तयार करायचं काम माझ्याकडे आलं. मी ठरवलं होतं की हे पत्र स्वतःच्या शब्दांत लिहायचं. बसले. 'भाऊ, वहिनी' एवढं लिहिलं आणि खोडलं. परत लिहिलं. काय लिहिणार? सकाळ गेली. जे सुचायचं ते एक तर खोटं वाटायचं, नाहीतर फार मोठं. शेवटी 'दु' टाइप केलं आणि स्पेसबार दाबला. त्यांचंच वाक्य, त्यांच्याच हातचं, स्वच्छ. मी त्यात काही बदललं नाही. सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि संध्याकाळी स्वतः घेऊन गेले.

भाऊंची मेव्हणी, म्हणजे वहिनींची ती बहीण, दारातच भेटली. "बाय, तुमीच सांगा आता," ती म्हणाली. "सकालपास्ना ताट झाकून ठेवलंय. हलत नाय ते तिथनं."

भाऊ वहिनींच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसले होते. लॅपटॉप उघडा. मी पत्र दिलं. त्यांनी ते पूर्ण वाचलं, अगदी सह्यांसकट.

"दु दाबलंत," ते म्हणाले.

"हो. दुसरं काही सुचेना."

"बरं केलंत. वाक्य माझं असलं तरी बोट तुमचं आहे." त्यांनी पत्राची घडी घातली आणि खिशात ठेवली. मग स्क्रीनकडे बघत म्हणाले, "ते 'क' तिनं एकदाही दाबलं नाही. मी तिच्यापुढे कधी वेळच येऊ दिली नाही. बाथरूममध्ये नळ सोडून रडून यायचो."

"मग आता दाबा ना भाऊ."

"सकाळपासून तेच करतोय. बोट ठेवतो आणि उचलतो." त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "मी दाबलं तर मीच मला सांगितल्यासारखं होतं, बाई. त्याला काय अर्थ आहे? तुम्ही दाबा."

मी वहिनींच्या खुर्चीत बसले नाही. उभ्यानंच वाकले. 'क'वरचा स्टिकर इतरांपेक्षा नवा दिसत होता. तो दाबला, मग स्पेसबार.

मोठ्या अक्षरांत वाक्य आलं. भाऊंनी ते आधी ओठातल्या ओठात वाचलं. मग मोठ्यानं वाचलं, तसंच, वहिनी जिन्यातून बोलायच्या त्या सुरात. "कनाला रडताव? उठा, जेवून घ्या." आणि मग ते रडले, मेव्हणीसमोर, माझ्यासमोर, कुठलाही नळ न सोडता. मीही रडले. का लपवू?

मेव्हणी आत जाऊन ताट घेऊन आली. भाऊंनी बाहीनं तोंड पुसलं, गळ्याजवळचं बटण काढलं, आणि रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाले, "आलो गो, आलो. नाय रडत." मग हात धुवायला उठले.